तिसऱ्या सीटचा पट्टा

तेमुका, १२ मे

ग्लेनिस,

सख्ख्या बहिणीला 'प्रिय' लिहिलं नाही, ते विसरून नाही. कामाचं पत्र आहे, कामापुरतंच लिहिते.

तुझा पत्ता वापरायला तू रॉसला परवानगी दिलीस, हे मला काल जेवताना कळलं. कोकराच्या मटणाचा दुसरा तुकडा ताटात वाढून घेत माझा नवरा म्हणाला, "पत्त्याचं जमलं बरं का. ग्लेनिसचाच देऊ." जसं काही पत्ता म्हणजे शेजारून वाटीभर साखर आणायची. इंग्लंडात मोटरहोम विकत घ्यायची तर ती तिथल्या कुठल्या तरी पत्त्यावर नोंदवावी लागते, हे मलाही ठाऊक आहे. आमची शेजारीण शोना आणि तिचा डग गेले होते, तेव्हा त्यांनी एका ओळखीच्या पाद्र्याचा पत्ता दिला होता. शोधला असता तर आम्हालाही एखादा पाद्री सापडला असता. पण रॉसला अख्ख्या इंग्लंडात एकच घर दिसलं.

तर आभार. आता नीट ऐक. गाडी तुझ्या अंगणात उभी राहील ती आम्ही एप्रिलमध्ये येईपर्यंतच. तिच्यात बसून चहा पिऊ नकोस. पडदे मी इथून शिवून आणणार आहे, तू हौसेने लावायला जाऊ नकोस. आम्ही येऊ, किल्ली घेऊ आणि निघू. राहायचा आग्रह करू नकोस. करणार नाहीसच म्हणा.

ही सहल माझी आहे, एवढं तुझ्या लक्षात असू दे. आपल्याकडची सगळी पोरं विशीत जातात. लंडनमध्ये कपबशा धुतात, चौघांत मिळून एखादी खटारा व्हॅन घेतात, युरोप पालथा घालतात आणि दोन वर्षांनी परत येऊन इथेच मेंढरं राखतात. तू गेलीस, परत आली नाहीस. माझी पाळी आली तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले, मग आई. सदुसष्टाव्या वर्षी का होईना, मी निघाले आहे.

विम्याच्या फॉर्मवर आम्हाला 'परदेशी पाहुणे' म्हटलंय. वाचून तुला बरं वाटेल. आईला पोचवून आल्यावर हॉलमध्ये मी तुला म्हणाले होते, 'पाहुणी आहेस, पाहुण्यासारखी राहा.' तू विसरली नसशील, मीही विसरलेले नाही. शब्द मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाही. तू दहा दिवसांकरता उतरलीस आणि सगळं गाव तुझ्या गळ्यात पडून रडलं. आणि आईची कूस बदलून बदलून जिचं मनगट गेलं, ती मी आत सगळ्यांसाठी चीज रोल भाजत होते. असो.

नोलीन


तेमुका, १६ जून

ग्लेनिस,

पत्राचं उत्तर नाही. निरोप मात्र आला, तोही रॉसच्या तोंडून. "पत्र पोचलं म्हणाली. अक्षर अजून आईसारखंच आहे म्हणाली." एवढंच? मी इतकं खरमरीत लिहावं आणि तू अक्षर बघावंस?

दर रविवारी सकाळी हा रॉस शेडमध्ये हीटर लावून बसतो. रंगाच्या डब्याला टेकवून फोन उभा करतो. तुझा शनिवार मावळत असतो. आधी दहा मिनिटांत काम व्हायचं. आता मी स्कोन भाजून, गार करून, वाट बघून अर्धे खाऊन टाकते, तरी हा बाहेर येत नाही. पत्र्याच्या भिंतीतून त्याचं खो खो हसणं ऐकू येतं. इथे ऐन हिवाळा, आज दहिवर इतकं होतं की दोरीवरचे टॉवेल लाकडासारखे ताठ झाले होते, तरी मी ते चाचपायला तीनदा बाहेर गेले. वाळलेत का ते बघायला. रॉसला तरी मी तसंच सांगितलं.

मी जळते. लिहूनच टाकते, म्हणजे तुला तर्क करायचे कष्ट नकोत. रॉस पहिल्यांदा आपल्या दारात आला तो तुला टिमारूच्या नाचाला न्यायला. तू लंडनला उडालीस म्हणून त्याच्या वाट्याला मी आले. पंचेचाळीस वर्षांत त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही, पण न बोलून काय होतं? आता तुझा नवरा कीथ गेल्यापासून तू एकटी आहेस. (कार्ड पाठवलं होतं मी. छापील होतं, पण पाठवलं होतं.)

आणि गाडी. मला मागे कायमचा पलंग असलेली गाडी हवी होती. रोज गाद्या जुळवत बसायचं माझं वय नाही. रॉसने कुठली घेतली? मागे समोरासमोर दोन लांब सोफे, रात्री तिथेच अंथरायचं.

"ग्लेनिस म्हणते पलंगवाली घेऊ नका. पाऊस लागला की दिवसभर बसायचं कुठे?"

"ग्लेनिस असं नाही म्हणाली का, की नोलीनलाही विचार?"

"म्हणाली ना. म्हणाली, नोलीनला खिडकीला डोकं लावल्याशिवाय झोप येत नाही. दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत तीच घे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या झोपेच्या चर्चा माझ्याच नवऱ्याशी, माझ्याच शेडमध्ये, आणि मी बाहेर टॉवेल चाचपतेय.

पण पाणी कुठे मुरतंय ते शोनाने दाखवलं. गाडीचे फोटो बघता बघता तिने चष्मा कपाळावर चढवला.

"नोलीन, पुढच्या दोन सीटांना पट्टे आहेत ते ठीक. मागच्या या सीटला पट्टा कशाला?"

"पिशव्या बांधायला असेल."

"पिशव्यांना कुणी पट्टा लावतं? पट्टा माणसाला लागतो. आम्ही गाडी शोधत होतो तेव्हा माझ्या सासूला बरोबर यायचं होतं. मी मुद्दाम दोनच पट्ट्यांची घेतली. सासूबाई, काय करणार, कायदा आहे म्हटलं."

मी फोटो बंद केले. शोना जाताना म्हणाली, "अगं, तुझा नवरा सत्तरीचा. उठताना त्याचे गुडघे वाजतात ते आमच्याकडे ऐकू येतात. त्याला कोण पळवून नेणार?"

शोनाला हसायला काय जातंय? तिचा डग ट्रॅक्टरशीसुद्धा बोलत नाही.

तू मला एवढंच सांग. तिसरा पट्टा कुणासाठी आहे?

नोलीन


तेमुका, २१ जुलै

ग्लेनिस,

आता तू सांगायची गरज राहिली नाही.

इथे मोटरहोमवाले पुढच्या काचेत नावांची लाकडी पाटी लावतात, ते तुला माहीत नसेल. तुझ्या वेळी नव्हतं हे. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी पाचला जो तो आपली खुर्ची आणि आपला ग्लास घेऊन बाहेर येतो, आणि पाटीमुळे कुणाला नाव विचारावं लागत नाही. गाडीत झोपणाऱ्यांची नावं असतात तिच्यावर. दुसऱ्या कुणाची नाही. रॉस महिनाभर आमची पाटी कोरत होता. 'तिकडच्या लोकांनाही कळू दे आम्ही कोण ते' म्हणायचा. मला बघू देत नव्हता. मला वाटलं, लग्नाच्या वाढदिवसाचं गुपित असेल. बाई किती खुळी असावी?

काल तो टिमारूला रंग आणायला गेला तेव्हा मी पाटीवर झाकलेलं पोतं उचललं. आईच्या जुन्या कपाटाचं, रिमू झाडाचं लाकूड आहे. त्यावर एका ओळीत रॉस, नोलीन, ग्लेनिस. मी मधे, सँडविचमधल्या हॅमसारखी.

मी पाटी उचलून स्वयंपाकघरात आणली आणि टेबलावर त्याच्या ताटाच्या जागी ठेवली. तो आला, पाटी बघितली, टोपी काढली.

"पहिले पंधरा दिवसच गं. फ्रान्सपुरते. तिने ते रस्ते पाहिलेत. आपल्याला सवय झाली की जाईल ती ट्रेनने परत."

"आणि हे मला कधी सांगणार होतास? विमानात?"

"हो. विमानात तुला उठून जाता आलं नसतं."

"ती कधीपासून तयारच बसली असेल."

"कुठली तयार? मी विचारलं तर नाही म्हणाली. म्हणाली, नोलीनने स्वतः बोलावलं तर येईन. तुझ्या बोलावण्यावर पायसुद्धा ठेवणार नाही."

"मग नाव कोरलंस कशाला?"

"लाकूड लांब होतं," रॉस म्हणाला.

या माणसाबरोबर मी पंचेचाळीस वर्षं काढली आहेत. मी त्याला सांगितलं, रंधा मार आणि नाव काढून टाक. तो म्हणाला, मारतो, पण रंधा मारला की लाकूड परत येत नाही, तेव्हा चार दिवस जाऊ दे. सध्या मी पाहुण्यांच्या खोलीत झोपते. तिथली खिडकी पलंगापासून लांब आहे, त्यामुळे झोपत नाहीच.

मला सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू? तू नाही म्हणालीस ते. हो म्हणाली असतीस तर तुझ्यावर मनसोक्त चिडता आलं असतं. आता चेंडू तू माझ्या अंगणात टाकून मोकळी झालीस. लहानपणी भांडण झालं की तू अशीच करायचीस. दाराबाहेर गप्प बसून राहायचीस, आणि शेवटी आई मलाच म्हणायची, 'जा, घरात बोलाव तिला.'

या खेपेला आई नाही. मी बोलावणार नाही.

नोलीन


तेमुका, १८ ऑगस्ट

ग्लेनिस,

रॉसने तुला सांगितलंच असेल. सांगायचं काय म्हणा, तू ऐकलंस सगळं. पण तुला फक्त आवाज ऐकू आले. काय घडलं ते माझ्याकडून ऐक.

आज सकाळी आम्ही डगच्या शेतातल्या रस्त्यावर उजव्या बाजूने गाडी चालवायचा सराव करत होतो. इंग्लंडातली गाडी घेऊन फ्रान्समध्ये गेलं की चालवणाऱ्याची सीट रस्त्याच्या कडेकडे येते. त्याला समोरून येणारं काही दिसत नाही. पुढची गाडी ओलांडायची तर डाव्या सीटवरच्याने डोकावून सांगायचं, 'जा' किंवा 'थांब'. दोनच शब्द. शोना म्हणते, या दोन शब्दांवर तिने चांगले चांगले संसार मोडताना पाहिलेत.

तर आमच्या जुन्या पिकअपमध्ये रॉस चालवायला, मी डावीकडे. पुढे डग ट्रॅक्टरवर गवताच्या गासड्या घेऊन हळूहळू चाललेला. समोरून शोना चारचाकी मोटरसायकलवर, म्हणजे फ्रान्समधली वाहतूक. दोनदा मी अगदी बरोबर सांगितलं. "वा, जमतंय की," रॉस म्हणाला, आणि मला खरंच वाटलं की आपण हे करू शकतो.

तिसऱ्या वेळी तुझा फोन वाजला. रॉस शेडमध्ये नव्हता, पण तुझी वेळ ती वेळ. फोन समोरच अडकवलेला होता. तुझा फोटो आला. केस पांढरे झालेत तुझे. कुणी सांगितलं नव्हतं मला.

"सांग," रॉस म्हणाला.

मी फोटो बघत होते. "जा," म्हणाले.

पुढे शोना होती. रॉसने चाक फिरवलं, डगचं कुंपण आडवं केलं आणि पिकअप नाकावर चरात उतरवली. कुणाला काही झालं नाही. शोना मोटरसायकलवर उभी राहून म्हणाली, "मला मारायचंच असेल तर आधी कळव गं नोलीन. मी जरा बरे कपडे घालून येत जाईन." डगसुद्धा बोलला. काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

चाक फिरवताना रॉसचा हात लागून फोन चालू झाला होता. तो माझ्या पायाशी चिखलात पडला होता आणि त्यातून तुझा आवाज येत होता.

"रॉस? कसला आवाज तो? नोलीन पुढेच बसलीय ना? तिला मागे बसवू नकोस हं, ओकते ती."

"पुढेच होती," रॉस म्हणाला. "म्हणून तर चरात आहोत."

आणि तू हसलीस.

ग्लेनिस, ते आईचं हसणं आहे. खालून सुरू होऊन वर जाता जाता मधेच अडकतं आणि मग पुन्हा फुटतं. आई गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. आपल्या दोघींत ते तुलाच मिळालं, माझ्याकडे फक्त तिचं अक्षर आलं. रॉसने फोन उचलून माझ्यापुढे धरला. मी मान हलवली. माझ्या बुटात पाणी शिरलं होतं. बोलले असते तर भलताच आवाज आला असता.

घरी आल्यावर मी रॉसला मोजे काढता काढता विचारलं, "तुम्ही दोघं दर रविवारी एवढं बोलता तरी काय?"

"तुझ्याबद्दल."

"सगळा वेळ?"

"मी गाडीचं बोलायला जातो. ती विचारते, नोलीनचं मनगट कसं आहे, नोलीन अजून चहात बिस्कीट बुडवते का, कप पाडून फोडते का. मग मी एक गोष्ट सांगतो, ती एक सांगते. गाडीचं बोलणं होतच नाही. म्हणून तर विम्याचं अजून लटकलंय."

"आणि हसता ते?"

"तुलाच," रॉस म्हणाला, आणि लगेच चहा टाकायला उठला. शहाणा आहे.

मी ओला मोजा पिळला. इतके महिने मला वाटत होतं, मी तुझ्यावर जळते. मी तुझ्यावर नाही, रॉसवर जळत होते. दर रविवारी आईचं हसणं आमच्या शेडमध्ये येत होतं. ते ऐकत कोण होता, तर हा, ज्याला सुरात शीळ घालता येत नाही. बहीण माझी, आणि फोन त्याला. चाचपायला टॉवेल मला.

तर आता नीट ऐक. डावी सीट माझी आहे, ती मी कुणाला देणार नाही. आज चुकले, पण फोन वाजला नसता तर चुकले नसते. मागच्या डाव्या खिडकीचा सोफा माझा, उजवा रॉसचा. तुला पुढचा आखूड बाक. पाय मुडपून झोपावं लागेल. तू माझ्यापेक्षा उंच झालीस याचा मला आयुष्यभर राग होता, आता त्याचा जरा मोबदला मिळेल. इथे गाडीवाल्यांत संडासाची पेटी रिकामी करणं पुरुषांचं काम समजतात. आमच्या गाडीत पाळीपाळीने होईल, आणि पहिली पाळी तुझी. पंधरा दिवसांचं रॉसने ठरवलंय, मी नाही. जमलं तर राहा, नाही जमलं तर ट्रेन आहेच.

पाहुणी म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. पाहुण्यांना या गाडीत जागा नाही. पट्टे तीनच आहेत आणि तिन्ही घरच्यांचे आहेत.

रॉसने रंधा मारलेला नाही. मी त्याला पाटीला व्हार्निश द्यायला सांगितलंय.

हे पत्र तुला मिळायला दोन आठवडे तरी लागतील. तोवर शेडला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या एप्रनमध्ये. रॉसचा फोनही रविवारी माझ्याकडेच असेल. त्याला डगच्या कुंपणाचे खांब पुरायचेत, काम पुष्कळ आहे. पत्र मिळालं की येईल त्या शनिवारी तुझ्या नेहमीच्या वेळेला फोन कर. तो उचलणार नाही, मी उचलीन.

मी काही बोलले नाही तरी ठेवू नकोस.

नोलीन